बोअरच्या पंपासाठी वेणीचे दोन दोर कसे सांधायचे?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंनी विचारलं आहे. बोअरमधला पंप 250 फुटांवर सोडायचा आहे. पंपासोबत बांधायला त्यांनी नागपूरला इतवारीतून 12 मिलिमीटरचा वेणीचा दोर आणला, पण सलग न मिळता 50-50 मीटरचे दोन तुकडे मिळाले. गाठ मारून पाहिली तर ती तिपाईच्या कप्पीतून जात नाही. त्यांचे वडील पूर्वी अंबाडीचे दोर सांधायचे. त्या पद्धतीनं टोकं उकलून पेडात पेड घालायला गेले, तर दोन्ही टोकं पिंजून गेली आणि हातात नुसते धागे राहिले. हे जमण्यासारखं आहे का, आणि जमलं तर तो सांधा पंपाचं वजन पेलेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, जमतं. वडिलांची पद्धत चुकीची नाही, ती वेगळ्या दोराची आहे. अंबाडीचा, काथ्याचा किंवा तागाचा दोर पिळाचा असतो. तीन पेड एकमेकांभोवती वळलेले असतात. तो सांधायचा तर पेड मोकळे करतात, समोरासमोर बसवतात आणि एक सोडून एक असे समोरच्या दोरात खोचत नेतात. पिळाला जागा असते, पेड जाड असतात, म्हणून ते धरून राहतात. वेणीच्या दोरात पेडच नसतात. बारीक सर असतात, निम्मे उजवीकडून आणि निम्मे डावीकडून गोफासारखे विणलेले. ते सोडले की पुन्हा बसत नाहीत. म्हणून वेणीचा दोर उकलायचा नाही, एकात एक ओवायचा. पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवतो तसं पहिल्या दोराचं शेपूट दुसऱ्याच्या पोटात घालायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या पोटात. एवढं समजलं की बाकीचं काम मापाचं आणि धीराचं आहे.

ओवलेलं शेपूट निसटत का नाही, हे आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी मापं त्यावरून ठरतात. बाजारातून कांदे आणतो ती जाळीची पिशवी आठवा. ती लांबीला ओढली की अरुंद होते आणि आतले कांदे आवळते. वेणी अशीच वागते. दोरावर ताण आला की बाहेरची वेणी लांब होऊ पाहते, म्हणून बारीक होते आणि पोटातल्या शेपटाला चहूबाजूंनी आवळते. ताण जितका वाढेल तितकी पकड वाढते. सांधा धरून ठेवणारं दुसरं काहीही नसतं, ना गाठ, ना डिंक, ना वितळवलेलं प्लास्टिक. फक्त घर्षण. यातून दोन गोष्टी निघतात. शेपूट पुरेसं लांब हवं, नाहीतर पकडायला जागाच मिळणार नाही. आणि दोर ढिला पडला की पकडही ढिली पडते, तेव्हा शेपूट जागेवर ठेवायला टाके हवेत.

दुसरी गोष्ट मी फार महाग शिकलो. उमेदवारीच्या काळात खापरखेड्याच्या बाजूला टॉवरवर वीजवाहक तार ओढण्याचं काम चालू होतं. तारेच्या पुढे आधी हलका दोर ओढून नेतात, तो पोकळ वेणीचा होता आणि त्यात मी घातलेला एक सांधा होता. शेपूट लांब घेतलं होतं, निमुळतंही नीट केलं होतं, दिवसभर काम झालं. संध्याकाळी ताण सोडून दोर तसाच दोन टॉवरांच्या मध्ये लोंबत ठेवला. रात्रभर वारा होता आणि दोर हेलकावत राहिला. सकाळी यंत्र सुरू केलं आणि पहिल्याच ओढीला सांधा सुटून दोर खालच्या तुरीच्या शेतात पडला. खाली कोणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितो आहे. सांध्याला मी टाके घातले नव्हते. ढिल्या दोरात रात्रभर हलून हलून शेपूट बोटा-बोटानं सरकलं होतं. त्या दिवसापासून टाके न घालता एकही सांधा मी कामावर दिलेला नाही.

आता तुमचा दोर. इतवारीत किंवा गांधीबागेत "ब्रेडेड रोप" म्हणून जे मिळतं ते सगळं एक नसतं. टोकापासून वीतभर मागे दोर दोन्ही हातांत धरा आणि हात एकमेकांकडे ढकला. मध्ये वेणी फुगून तोंड उघडलं आणि आत काहीच दिसलं नाही, तर तो पोकळ वेणीचा दोर. तुम्ही लिहिलं आहे की दोर पिवळा आहे, हलका आहे, दाबला की चपटा होतो आणि 12 सर मोजले. हा पोकळच आहे आणि सांधायला सगळ्यांत सोपा आहे. त्याचा बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तरंगणारे हे दोन्ही गुळगुळीत असतात, त्यामुळे शेपूट जरा जास्त लांब घ्यावं लागतं.

आत दुसरी विणलेली वेणी दिसली तर तो खोळ आणि गाभा असलेला दोर, त्याबद्दल खाली लिहितो. आत नुसते सरळ, न विणलेले धागे भरलेले असतील तर तो या पद्धतीनं सांधू नका. बाहेरून छान दिसणारे कितीतरी स्वस्त दोर असेच भरलेले असतात. आणि ढकलूनही अजिबात फुगत नाही, आत-बाहेर एकच घट्ट विणकाम आहे, असा दोर सांधण्याच्या भानगडीत पडूच नका. त्यात शेपटाला जागाच नसते.

आणखी एक अट. दोन्ही तुकडे एकाच दोराचे हवेत: तीच जाडी, तोच धागा, तीच वेणी. नायलॉन खूप ताणतं, पॉलिप्रॉपिलीन त्यापेक्षा कमी, पॉलिएस्टर आणखी कमी. वेगवेगळे दोन सांधले तर ताण आल्यावर आतलं आणि बाहेरचं सारखं लांबत नाही आणि सांधा आतल्या आत घासत राहतो. तुमचे दोन्ही तुकडे एकाच बंडलातले आहेत, ते बरंच झालं.

सामान जास्त लागत नाही. दोर ओवायला पितळी किंवा ॲल्युमिनियमची पोकळ सळई मिळते, पण एका सांध्यासाठी ती घ्यायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातून 14 किंवा 16 गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार दोनेक मीटर आणा, मधोमध दुमडा आणि दुमडलेलं टोक पक्कडीनं दाबून चपटं करा. पोत्याचं तोंड शिवायचा दाभण, मेण लावलेला जाड नायलॉन दोरा (चप्पल-बूट शिवायला वापरतात तो), धारदार कात्री, इन्सुलेशन टेप, काळा मार्कर आणि शिवणकामाची टेप घ्या. काडेपेटी खिशातून काढू नका. टोकं वितळवायची सवय आपल्याला इतकी आहे की हात आपोआप तिकडे जातो. पण वितळलेला गोळा दोराच्या पोटात गेला की तो खड्यासारखा कडक राहतो आणि बाहेरचे सर त्याच्यावर घासून तुटतात.

माप असं घ्या. पोकळ पॉलिप्रॉपिलीनसाठी मी जाडीच्या 60 पट शेपूट घेतो. 12 मिलिमीटरला ते 72 सेंटीमीटर येतं, साधारण सव्वादोन फुटांपेक्षा थोडं जास्त. प्रत्येक दोरावर टोकापासून 72 सेंटीमीटरवर गोल खूण करा, तिला क म्हणू. तिथून आणखी 85 सेंटीमीटर मागे दुसरी खूण करा, ती ख. दोन्ही दोरांवर अगदी सारखं. खुणा करताना दोर ताणू नका आणि सुरकुतवूही नका, टेबलावर सैल ठेवून मोजा.

मग शेपटं निमुळती करायची. हे काम लोक टाळतात आणि सांधा तिथेच तुटतो. शेपूट बोथट सोडलं तर ते जिथे संपतं तिथे बाहेरच्या वेणीची जाडी एकदम बदलते. सगळा ताण त्या एका जागेवर जमतो आणि दोर तुटलाच तर तिथे तुटतो. म्हणून शेपटाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, म्हणजे 24 सेंटीमीटरमध्ये, ते हळूहळू बारीक करत न्यायचं. टोकापासून 24 सेंटीमीटरवर पहिली खूण आणि तिथून टोकाकडे साधारण 5-5 सेंटीमीटरवर आणखी 4 खुणा करा. प्रत्येक खुणेजवळ उजवीकडे जाणारा एक सर आणि डावीकडे जाणारा एक सर दाभणानं उचला, वेणीबाहेर ओढा आणि कापा. उजवा आणि डावा जोडीनंच कापायचा, नाहीतर वेणी एका बाजूला वाकडी होते. पुढच्या खुणेवर पुढची जोडी घ्या, म्हणजे कापलेल्या जागा दोराभोवती फिरत जातील. 5 खुणांवर 10 सर गेले की टोकाला 2 उरतात. शेपूट आता उंदराच्या शेपटीसारखं दिसायला हवं. त्या 2 सरांच्या टोकाला टेपचा एक घट्ट वेढा द्या, म्हणजे ओवताना पिंजणार नाही.

दोन्ही दोर टेबलावर समोरासमोर ठेवा, टोकं एकमेकांच्या पुढे गेलेली आणि क च्या खुणा शेजारी-शेजारी. पहिल्या दोराचं शेपूट दुसऱ्याच्या पोटात जाणार आहे. दुसऱ्या दोराची वेणी क आणि ख यांच्या मध्ये ढकलून फुगवा, सुरकुत्या पडू द्या. ख च्या खुणेतून तार आत घाला, पोटातून सरकवत क पर्यंत न्या आणि क च्या खुणेतून दुमडलेलं टोक बाहेर काढा. त्या फासात पहिल्या दोराचं शेपूट अडकवा, टेपनं बांधा आणि तार परत ख कडे ओढा. शेपूट ख मधून बाहेर डोकावेल. दोन्ही क एकमेकांना टेकेपर्यंत ते ओढून घ्या. ओढताना तार कुठे अडली तर जोर लावू नका. ती एखाद्या सराखालून गेलेली असते. मागे घ्या, वेणी पुन्हा फुगवा आणि परत घाला. तारेनं सर भोसकून शेपूट पुढे गेलं तर वरून काही कळत नाही आणि ताकद मात्र जाते.

मग हेच उलट बाजूनं. दुसऱ्या दोराचं मोकळं शेपूट पहिल्या दोराच्या क मधून आत जाईल आणि पहिल्याच्या ख मधून बाहेर येईल. दोन्ही क ज्या जागी भेटतात तिथे फट राहता कामा नये. एका बाजूला ओढताना दुसरी बाजू सुटते, म्हणून दोन्ही शेपटं आलटून-पालटून थोडी थोडी ओढा.

आता मधला जोड एका मुठीत घट्ट धरा आणि दुसऱ्या मुठीनं बाहेरची वेणी जोडापासून ख कडे पिळत-सरकवत न्या. गाईची धार काढताना सडावरून मूठ फिरते तशी. सगळ्या सुरकुत्या निघेपर्यंत हे करायचं. एका दमात होत नाही, आठ-दहा वेळा तरी करावं लागतं. वेणी सरळ होत जाते तसं बाहेर डोकावणारं टोक मागे सरकतं. ते आत जाण्याच्या बेतात असताना टेप सोडवून काढून टाका आणि शेवटची मूठ फिरवा. टोक ख च्या थोडं अलीकडे पोटात नाहीसं होईल. हात फिरवून पाहा. सांधा मध्ये जाड आणि दोन्हीकडे हळूहळू बारीक होत मूळ दोराला मिळालेला लागला पाहिजे. बोटाला पायरी लागली तर निमुळतं करणं कमी पडलं आहे. तसं झालं तर बाहेर काढून पुन्हा करा.

शेवटी टाके. मेणाचा दोरा दाभणात ओवा आणि मधल्या जोडापासून दोन्हीकडे वीत-वीतभर अंतरात दोराच्या आरपार टाके घाला. प्रत्येक टाक्यात बाहेरची वेणी आणि आतलं शेपूट दोन्ही पकडली जायला हवीत. एका बाजूनं टाके घालत जा, मग दोर पाव वेढा फिरवून त्याच वाटेनं परत या, म्हणजे टाके दोन दिशांनी बसतील. फार आवळू नका. टाके वजन पेलायला नाहीत, दोर ढिला असताना शेपूट सरकू नये एवढंच त्यांचं काम आहे. आवळले तर बाहेरची वेणी ताणाखाली बारीक होऊ शकत नाही आणि पकडच कमी होते.

या सगळ्यात दोन्ही दोर मिळून साधारण दीड मीटर लांबी जाते. वेणी फुगल्यामुळे सांध्याजवळ आणखी वीतभर तरी आखडते. म्हणजे तुमच्या 100 मीटरचे 98 मीटर होतात. 250 फूट म्हणजे 76 मीटर, तर भरपूर दोर उरतो. म्हणून खरा सांधा घालण्याआधी टोकांचे 2-2 मीटरचे चार तुकडे कापा आणि त्यांवर दोन सांधे सरावाला घाला. पहिला सांधा नंतर मधोमध आडवा कापून आत काय झालं आहे ते पाहा. मला ज्यांनी हे शिकवलं ते उस्ताद माझ्या प्रत्येक नव्या सांध्याचं हेच करायचे. दोन तास घालून केलेला सांधा हातात घ्यायचे, बोटं फिरवायचे, म्हणायचे, "पोट्ट्या, वरून तं चांगला दिसते. आतून कसा हाये थे पाहू," आणि माझ्यासमोर चाकू चालवायचे. तेव्हा जीव तुटायचा. पण शेपूट कुठे दुमडलं, तार कुठल्या सराला भोसकून गेली, हे त्या कापलेल्या तोंडात जितकं दिसलं तितकं कोणाच्या सांगण्यातून कळलं नसतं.

कप्पीचं म्हणाल तर पोकळ दोराचा सांधा मूळ दोराच्या साधारण दीडपटीपेक्षा थोडा कमी जाड होतो. 12 मिलिमीटरचा 17 च्या आसपास. कप्पीची खाच 20 मिलिमीटरची असली तरी तो सहज जातो. गाठीनं मात्र दोर तीन-चार पट जाड होतो. आणि गाठीचा खरा तोटा जाडीचा नाहीच. गाठीत दोर इतका कमी जागेत वळतो की वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या सरांवर सगळा भार येतो आणि ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. चांगल्या हातानं घातलेल्या सांध्यात ती दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. तुमचा पहिलाच सांधा आहे, तुम्ही पंचवीस टक्के गेली असं धरून हिशेब करा.

तो हिशेब करूनच ठेवू. 63 मिलिमीटरच्या एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या, पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण 2 लिटर पाणी मावतं. 76 मीटर पाइप भरला की दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. पाइपचं स्वतःचं वजन 70-80 किलो. मोटरसकट पंप 40-50 किलो. सगळं मिळून पावणेतीनशे किलो धरा. रोज हे वजन पाइप पेलतो, दोर फक्त राखणीला असतो. पण पाइपचा जोड निसटला तर ते सगळं एका क्षणात दोरावर येतं आणि झटक्यानं येतं. म्हणून दोराची तुटण्याची ताकद निदान पाचपट हवी, म्हणजे सांध्याची घट धरून पावणेदोन-दोन टन. 12 मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीन दोरात हे काठावरचं आहे. बंडलाच्या चिठ्ठीवर तुटण्याचा भार छापलेला असतो, तो पाहा. तो दोन टनांच्या खाली असेल तर हा दोर दुसऱ्या कामाला ठेवा आणि 16 मिलिमीटरचा सलग 80 मीटर आणा. दुकानदार सलग तुकडा कापून द्यायला तयार असेल तर तो कोणत्याही सांध्यापेक्षा बरा, हे मी सांधे घालणारा माणूस असूनही सांगतो.

दोर पाइपला समांतर आणि ताठ बांधा. हातभर ढील ठेवली तर पाइप निसटल्यावर वजन तेवढं खाली पडून मग दोराला अडकेल, आणि तो झटका पावणेतीनशे किलोच्या कितीतरी पट असतो. खालच्या टोकाला पंपाच्या कडीत साधी गाठ मारू नका. मधला सांधा कितीही सुंदर असला तरी मग त्या दोराची ताकद त्या गाठीइतकीच. तिथे स्टीलचं थिंबल (दोर झिजू नये म्हणून आत बसवायची खाचेची कडी) बसवून डोळा, म्हणजे कायमचा फास, करा. पद्धत हीच आहे, फक्त शेपूट दुसऱ्या दोरात न घालता वळवून त्याच दोराच्या पोटात घालायचं, तेवढंच लांब, तसंच निमुळतं आणि टाके घालून. उरलेला दोर वरच्या बाजूनं कापा, म्हणजे सांधा वरून तीसेक मीटरवर येईल आणि पंप पूर्ण बाहेर न काढता तेवढाच वर घेऊन तपासता येईल.

सोडण्याआधी सांध्याला ताण देऊन पाहा. एक टोक कडुनिंबाच्या बुंध्याला बांधा, दुसरं चेनपुलीला, आणि हळूहळू तीनशे किलोपर्यंत न्या. शेपटाची टोकं जिथे संपतात तिथे बाहेरून मार्करची खूण करा आणि ताण दिल्यावर बोटानं चाचपून पाहा, टोक सरकलं आहे का. पहिल्या ताणाला एक-दोन सेंटीमीटर बसणं ठीक आहे, त्याहून जास्त नको. त्या वेळी दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये, पोरांना तर अंगणातच येऊ देऊ नका. ताणलेला दोर तुटला की टोक चाबकासारखं मागे येतं. मी एका माणसाचा हात त्यानं मोडलेला पाहिला आहे. ट्रॅक्टरनं ओढायचा मोह होईल, पण ट्रॅक्टरला किती ताण दिला ते कळत नाही.

आता ज्यांच्याकडे खोळ आणि विणलेला गाभा असलेला दोर आहे त्यांच्यासाठी. तत्त्व तेच, पण काम दुप्पट. तिथे मापाचं एकक जाडीच्या 21 पट धरतात. 12 मिलिमीटरला ते 25 सेंटीमीटर होतं, आणि सगळ्या खुणा त्या एककात आणि त्याच्या छोट्या भागांत ठरतात. खूण करून खोळीच्या फटीतून गाभा बाहेर काढायचा. त्याआधी पाच एककं मागे, म्हणजे सव्वा मीटरवर, दोराला सुटी होणारी घट्ट गाठ मारायची, नाहीतर खोळ सरकून गाभ्याशी तिचं नातंच बिघडतं. मग एका दोराची निमुळती केलेली खोळ दुसऱ्याच्या गाभ्यात, दुसऱ्याची खोळ पहिल्याच्या गाभ्यात, आणि शेवटी दोन्ही गाभे समोरच्या खोळींत. गाठीपासून खोळ मुठीनं सरकवत आणली की सगळा गुंता आत गिळला जातो. शेवटची चार बोटं गिळली जात नाहीत आणि लोक तिथे सोडून देतात. गाठीकडचं टोक खांबाला बांधा, अंग मागे टाकून झटके देत खोळ सरकवा, जाते. दोर बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या दोराच्या खुणांचा तक्ता देतात, पहिल्या वेळी त्या तक्त्याप्रमाणेच जा. वापरलेल्या जुन्या दोरावर हे शिकू नका. मातीनं आणि ताणानं त्याची खोळ गाभ्यावर आवळलेली असते. करायचंच असेल तर आधी धुऊन ओल्या दोरावर करा, ओला सरकतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दोराला लागू आहे. घरी सांधलेल्या दोरावर माणूस सोडायचा नाही. उन्हाळ्यात गाळ काढायला विहिरीत उतरणारी माणसं आपल्या भागात दरवर्षी असतात, आणि "काल पंपाचा दोर सांधला, तोच वापरू" असं सहज म्हटलं जातं. माणसासाठी सलग, नवा, त्याच कामाचा दोर आणि अंगाला पट्टा. गिर्यारोहणाचे दोरही सांधून वापरत नाहीत.

अंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडांना पाणी न देता ठेवतात तो ताण तोडायच्या, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करायच्या, आधी पंप खाली जायला हवा, तर डिसेंबरातच हे करून घ्या. थंडीत दोर जरा कडक असतो, उन्हात अर्धा तास पसरून मग कामाला बसा. आणि पंप बसल्यावर केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) वर जो हात-दोन हात दोर क्लॅम्पला बांधलेला राहतो त्याच्याकडे लक्ष ठेवा. पॉलिप्रॉपिलीनला ऊन खातं. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत दोन उन्हाळ्यांत तो भाग भुसभुशीत होतो, नखानं खरवडला तर पांढरी पूड निघते, आणि खालचा सांधा अजून नव्यासारखा असतो. जुन्या काळ्या पाइपचा तुकडा उभा चिरून त्या भागावर घाला आणि वरून तारेनं बांधून टाका.